जुन्या यंत्राला नवा कारभारी

दर आठवड्याला या सदराच्या वाट्याला दीड रकाना येतो, आणि त्यात एका प्रश्नाचे उत्तर जेमतेम मावते. दिवाळी अंकात संपादकांचा हात जरा सैल असतो. त्याचा फायदा घेऊन एकच प्रश्न ऐसपैस मांडावा असे ठरवले आहे. हा प्रश्न अलीकडे मला सगळीकडे भेटतो. कधी जिन्यात, कधी लग्नाच्या पंगतीत, तर कधी पत्रातून. तो असा : "घरातला संगणक उत्तम चालतो आहे. पण त्याच्यावर आता नवे विंडोज बसायचे नाही म्हणतात. मुलगा म्हणतो, लिनक्स टाका. टाकू का? आणि आमच्या यंत्रावर ते चालेल का?"

हे खरे म्हणजे दोन प्रश्न आहेत. 'टाकू का' यावर घराघरांतून कडाक्याचे वाद होतात. 'चालेल का' हे मात्र टाकून झाल्यावरच कोणाच्या तरी लक्षात येते. माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी काढावे. ते काढता येते, आपल्याला काढता येते, आणि त्याला पैसाही पडत नाही.

आधी हा प्रश्न उद्भवला कसा ते पाहू. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. घरगुती ग्राहकांना काही अटींवर आणखी एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देऊ केली. विंडोज ११ घ्यावे, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. तेव्हा ज्यांनी २०१५-१६ मध्ये चांगले पैसे मोजून लॅपटॉप घेतला, त्यांचे यंत्र पडदा उजळत असताना आणि कळा दाबल्या जात असताना निव्वळ नियमाने म्हातारे ठरले. वस्तू मोडेपर्यंत वापरायची आणि मोडल्यावर दुरुस्त करून पुन्हा वापरायची, ही आपल्या घरांची रीत. तिला हे मानवत नाही, यात नवल काय?

आता लिनक्स म्हणजे काय? ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी. कोणाला किती स्मृती द्यायची, कोणती फाइल कोठे ठेवायची, छापायला काय पाठवायचे, हे सारे तो बघतो. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. हा दुसरा पगार मागत नाही, जुन्या वाड्यात राहायला कुरकुर करत नाही, आणि त्याच्या सगळ्या वह्या कोणालाही उघडून पाहता येतात. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर २०१७ पासून त्याचेच राज्य आहे, आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. परंतु घरच्या मेजावरच्या संगणकांत त्याचा वाटा शेकड्यात थोडाच. म्हणून प्रिंटर, वायफाय, कॅमेरा बनवणारे कारखानदार माल तयार करताना विंडोजचा विचार आधी करतात. लिनक्सचा करतीलच असे नाही.

येथेच गोम आहे. कारभारी कितीही हुशार असला तरी प्रत्येक गड्याची बोली त्याला कशी यावी? वायफायची चिप एक बोली बोलते, ध्वनीची चिप दुसरी, प्रिंटर तिसरी. मध्ये दुभाषी लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी तो बहुतेक वेळा कारखानदारच लिहून देतो. लिनक्ससाठी काही कारखानदार देतात, काही नुसती माहिती देतात, आणि काही दोन्ही देत नाहीत. मग कोणीतरी चिकाटीचा माणूस चिपेच्या हालचाली पाहून पाहून तिची बोली शिकतो आणि दुभाषी तयार करतो. त्यात वर्षे जातात. नव्या कारभाऱ्याशी तुमच्या यंत्राचे जमेल की नाही, हे शेवटी या दुभाष्यांवर ठरते.

हे दुखणे लिनक्सच्या जन्मापासूनचे आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत असे जाहीर केले. त्यातच त्याने बजावून ठेवले होते, की ही एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याजवळ तेवढीच आहे. ज्याच्या हातात जे यंत्र, त्याचाच दुभाषी तो लिहिणार, असा हा सरळ हिशेब. पुढे हजारो माणसांच्या हातांत हजारो यंत्रे आली आणि दुभाष्यांची फौज उभी राहिली. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्मले, त्याचा आधार मात्र डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकण्यात आला. तेव्हा जुने ते सारे लिनक्सवर चालतेच, असेही समजू नये.

याही मागे एका प्रिंटरची कथा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली असेल त्यांना निरोप जाई. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला, पण त्याचा प्रोग्रॅम उघडून पाहण्याची सोय नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाजवळ तो होता. त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती, म्हणून त्याने नकार दिला. स्टॉलमन यांना ते फार लागले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली, त्यामागे या अनुभवाचाही वाटा होता. आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो त्यातला मोठा भाग ग्नूचा आहे. आपण पैसे देऊन घेतलेल्या यंत्राशी बोलण्याचा हक्क कोणाचा, हा वाद असा एका प्रिंटरपासून पेटला.

इतिहास पुरे. आता आपल्या घरातल्या यंत्राकडे वळू.

पहिली गोष्ट, लॅपटॉप कोणत्या कंपनीचा यावरून निष्कर्ष काढू नका. झाकणावरचे नाव म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहते ते वेगळेच. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये एका खेपेला एक वायफाय चिप असते, तर पुढच्या खेपेला दुसरीच. तेव्हा जुने विंडोज चालू असतानाच त्यातले डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि वायफायची, ग्राफिक्सची व ध्वनीची चिप कोणाची ते क्रमांकासह वहीत उतरून घ्या. प्रिंटर आणि स्कॅनर यांचेही नेमके मॉडेल लिहा. हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. नाव व क्रमांक हाताशी असले म्हणजे जाणकाराला विचारता येते. 'वायफाय लागत नाही' एवढेच सांगितले तर ज्ञानेश्वरांनाही उत्तर देता यायचे नाही.

वायफायपासून सुरुवात करू, कारण नवख्या माणसाचा पहिला खोळंबा बहुधा तिथेच होतो. इंटेलची वायफाय चिप असेल तर निर्धास्त असा. जुन्या अथेरॉस चिपाही गुणी आहेत. ब्रॉडकॉमच्या पुष्कळ चिपांना दुभाषी वेगळा आणून बसवावा लागतो. रिअलटेकचे काही चटकन चालते, काही छळते. शिवाय पुष्कळ चिपांना फर्मवेअर नावाची शिदोरी लागते. चिप जागी होताना ती तिच्या पोटात घालावी लागते. ही शिदोरी मुक्त नाही म्हणून डेबियन ही लिनक्सची जुनी, कर्मठ शाखा ती आपल्या अधिकृत पेटीत ठेवत नसे. २०२२ मध्ये तिच्या मंडळींनी मतदान घेऊन सोवळे सैल केले आणि जून २०२३ च्या आवृत्तीपासून ती शिदोरी बरोबर मिळू लागली.

यातली मौज अशी, की वायफायचा दुभाषी आणायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटला वायफाय! या तिढ्यावर घरातच उपाय आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडा आणि फोनमधले यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला ही जोडणी बहुधा लगेच ओळखू येते, आणि फोनच्या इंटरनेटवरून हवे ते उतरवून घेता येते. हा एक उपाय ठाऊक असला तरी पुष्कळांचा रविवार वाचेल.

ग्राफिक्सचे म्हणाल, तर इंटेलचे घरगुती ग्राफिक्स असलेल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. एएमडीचेही आता चांगले जमते. एनव्हिडियाचे वेगळे कार्ड असेल तर मात्र सावध असावे. या कंपनीच्या असहकारावर चिडून २०१२ साली टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या एका सभेत भर व्यासपीठावर तिला शिवी हासडली होती. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या दुभाष्याचा काही भाग खुला केला, पण तो नव्या कार्डांसाठी. दहा वर्षांच्या कार्डाला त्याचा उपयोग नाही.

प्रिंटर हे स्वतंत्र प्रकरण आहे. एक सोपी खूण सांगतो. जो प्रिंटर आयफोनवरून काहीही न बसवता छापतो, तो लिनक्सवरही बहुधा निमूटपणे छापतो, कारण दोघे साधारण एकच सामाईक बोली वापरतात. एचपीने लिनक्ससाठी स्वतःची सोय केलेली आहे. पण लेसरजेट १०२० सारख्या काही यंत्रांना प्रत्येक वेळी चालू करताना शिदोरी द्यावी लागते. ती पुरवणारा जोड वेगळा उतरवून घ्यावा. आपल्याकडच्या कचेऱ्यांतून दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाची आपलीच बोली बोलतो. त्याला लिनक्सवर बोलते करणे खटपटीचे आहे, नवख्याने त्यावर भिस्त ठेवू नये. ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाने प्रिंटरांची यादीच ठेवली आहे. आपला मॉडेल-क्रमांक तिच्यात पाहून घ्यावा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. घरात नवी सून आणण्यापूर्वी जसा बघण्याचा कार्यक्रम असतो, तसा तो येथेही असतो, आणि येथे पोहे खाऊन नकार दिला तरी कोणी रुसत नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर लिनक्स मिंटसारखी नवख्यांना मानवणारी आवृत्ती उतरवा आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून चालू करा. आतल्या डिस्कला हात न लावता लिनक्स पडद्यावर येते. थोडे संथ चालेल, ते पेनड्राइव्हमुळे. आता वही घ्या आणि एकेक तपासा. वायफाय लागते का? आवाज येतो का, आणि ध्वनिक्षेपकात जातो का? कॅमेरा दिसतो का? प्रिंटरवर एक पान छापा. झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा, यंत्र जागे होते का पाहा. पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का? बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी असेल तर ती बहुधा चालणार नाही, तिचा मोह सोडावा. बसवण्याच्या प्रोग्रॅमला आतली डिस्क दिसते की नाही हेही पाहा. इंटेलची रेड पद्धत चालू असलेल्या काही लॅपटॉपांत ती दिसत नाही, आणि ती पद्धत बदलायला जाणकार जवळ हवा.

दोन सूचना. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर कशालाही हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आणि फोटो, कागदपत्रे यांची एक प्रत यंत्राबाहेर ठेवल्याशिवाय 'इन्स्टॉल' हा शब्द उच्चारू नका.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या घरी मराठी आणि संस्कृतच्या शिकवण्या घेतात. सारी इमारत त्यांना बाईच म्हणते. त्यांचा लॅपटॉप २०१५ चा. नवा घ्यायचा तर शिकवणीची चार महिन्यांची फी गेली असती. दुकानदाराने जुना भंगारात काढून ठेवा असा सल्ला दिला, तेव्हा त्यांनी मला बोलावले. पेनड्राइव्ह लावून आम्ही वर सांगितलेला कार्यक्रम पार पाडला. वायफाय लागले, आवाज आला, प्रिंटरने पान टाकले. झाकण मिटून उघडल्यावर मात्र पडदा काळाच राहिला. बाई म्हणाल्या, "मी तर रोज रात्री बंदच करून ठेवते. मला काय त्याचे?" एक अडचण अशी निकालात निघाली.

खरी अडचण नंतर आली. बाईंच्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका एका जुन्या मराठी टंकनाच्या प्रोग्रॅममध्ये होत्या. तो विंडोजपुरताच, आणि त्याचे कुलूप यूएसबीत खोचायच्या एका डोंगलमध्ये. लिनक्सवर त्या फाइली उघडल्या तर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसे. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यंत्र गेले तर पुन्हा घेता येईल हो. या प्रश्नपत्रिका पुन्हा कशा लिहू?"

मला वाटते, यंत्र जुळते का या प्रश्नाचा खरा अर्थ त्या वाक्यात आहे. चिपा जुळल्या म्हणजे माणसाचे काम जुळले असे नव्हे. आम्ही तोड काढली ती अशी. डिस्कचे दोन भाग केले. एका भागात जुने विंडोज तसेच ठेवले आणि त्याचे इंटरनेट कायमचे तोडले, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळण्याचे भय उरत नाही. दुसऱ्या भागात लिनक्स. नव्या प्रश्नपत्रिका तिथे युनिकोडमध्ये लिहायच्या. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आयताच असतो. जुन्या प्रश्नपत्रिका लागतील तशा जुन्या बाजूने उघडायच्या आणि परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायच्या. बाई महिन्याला दहा-बारा आणतात. घाई नाही.

म्हणून वहीच्या दुसऱ्या पानावर घरातल्या कामांची यादी करा. बँक, वीजबिल, पत्रव्यवहार, यूट्यूब, मुलांचा अभ्यास ही कामे न्याहाळकातून होतात. त्यांना कारभारी कोण याचे सोयरसुतक नसते. वर्डची कागदपत्रे लिबरऑफिसमध्ये उघडतात, साधी असतील तर नेटकी, फार नटवलेली असतील तर थोडी विस्कटून. घरात कोणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल, तर ते विंडोजसाठीच लिहिलेले आहे हे लक्षात ठेवा. डिजिटल सहीचे टोकन असेल तर ते देणाऱ्याला लिनक्सचा दुभाषी आहे का, हे आधी विचारा. आजोबा दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घरच्या ठशाच्या यंत्रावर देत असतील, तर तेही तपासा. २०२१ पासून तो दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हा एक दिलासा.

यंत्राच्या वयाचेही थोडे. दोन जीबी स्मृतीवर मिंट बसते, पण सुखाने नांदायला चार जीबी हवी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, तर दहा वर्षांचे यंत्र तरतरीत होते. जुन्याला पैसे लावायचेच असतील तर तिथे लावा. अगदी जुने, ३२ बिटांचे यंत्र असेल तर दारे मिटत चालली आहेत. डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून त्यासाठी बसवण्याची पेटी देणे थांबवले.

दोन्ही पाने भरली की उत्तर तुमच्यासमोर असते. सगळे जुळले तर प्रश्नच मिटला. वायफाय तेवढे अडले तर लिनक्सला ओळखीचा छोटा यूएसबी वायफाय घेऊन भागते. प्रिंटर अडला आणि महिन्याला चारच पाने छापायची असतील, तर कोपऱ्यावरचे दुकान आहे. पण पोटापाण्याचे काम ज्या प्रोग्रॅमवर चालते तोच अडत असेल, तर नव्या कारभाऱ्याच्या हौसेपायी ते पणाला लावू नये. मुलगा काहीही म्हणो. नकार देणे हेही उत्तरच आहे, आणि ते तपासून दिले तर त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. यंदा पाडव्याला कोणी नवा लॅपटॉप किंवा प्रिंटर घेणारच असेल, तर दुकानात एक प्रश्न जरूर विचारावा : "हे लिनक्सवर चालते का?" लिनक्स वापरायचा विचार नसला तरी विचारावा. दुकानदार चमकून पाहील. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो वितरकाला विचारील, आणि वितरक कंपनीला. २००७ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन या लिनक्सच्या जाणत्या कारागिराने कंपन्यांना जाहीर सांगितले होते, की तुम्ही नुसती माहिती द्या, दुभाषी आम्ही फुकट लिहून देतो. माणसे लिहायला तयार आहेत. माहिती मागायचे काम गिऱ्हाइकाचे आहे, आणि गिऱ्हाईक आपण आहोत.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो. वही भरल्यावर काही अडले तर कळवा. चिपेचे नाव व क्रमांक लिहायला मात्र विसरू नका.